अमरावतीचे भाऊ गायब, इंडोनेशिया हजर

२०१९ चा डिसेंबर, थंडी मस्त पडलेली, मी वरच्या खोलीत रेडिओपुढे बसलो होतो आणि अमरावतीच्या एका भाऊंशी गप्पा चालू होत्या. भाऊ त्यांच्या संत्र्याच्या बागेचं सांगून राहिले होते, आंबिया बहारासाठी झाडांना ताण दिलाय, पाणी तोडलंय वगैरे, आणि मधेच त्यांचा आवाज विहिरीत उतरल्यासारखा बारीक होत होत गेलाच. मी दहादा "भाऊ, कॉपी करता का?" (म्हणजे ऐकू येतंय का) केलं, उत्तर नाही. थोड्या वेळानं त्याच फ्रिक्वेन्सीवर कोणीतरी "सेलामत मालम" म्हणत हजर, इंडोनेशियाचा माणूस, आणि आवाज असा खणखणीत की बाजूच्या खोलीत बसलाय.

आता नागपूर ते अमरावती किती, दीडशे किलोमीटर. इंडोनेशिया चार हजारच्या वर. जवळचा ऐकू येत नाही आणि दूरचा येतो, हे कसं काय बाप्पा? मी हॅम रेडिओत नवीनच होतो, मला वाटलं भाऊंचा सेट बिघडला. भाऊंना वाटलं माझा.

हॅम रेडिओ म्हणजे लायसन्स काढून, स्वतःचा कॉलसाइन घेऊन, स्वतःच्या सेटवरून जगातल्या इतर हौशी लोकांशी बोलायचं. केंद्र सरकारची परीक्षा असते, वयाची १२ वर्षं पूर्ण झाली की देता येते, आणि आपल्याकडचे बहुतेक कॉलसाइन व्हीयू-टू नाहीतर व्हीयू-थ्रीने सुरू होतात. (राजीव गांधींचा व्हीयू-टू-आर-जी होता, आमच्यातला प्रत्येक जण नवीन माणसाला हे सांगतोच, मी पण सांगून टाकलं.) माझा सेट, ज्याला आम्ही रिग म्हणतो, १०० वॅटचा आहे. घरातला मिक्सर ५०० चा असतो, यावरून अंदाज घ्या. अँटेना म्हणजे गच्चीवर ताणलेली तांब्याची तार, ७.१ मेगाहर्ट्झसाठी २० मीटर लांब, मधोमध कापून दोन्ही बाजूला १०-१०. लांबी मनानं नाही ठरवत, त्या फ्रिक्वेन्सीची एक लहर साधारण ४२ मीटरची असते म्हणून त्या बँडचं, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या त्या पट्ट्याचं, नाव ४० मीटर, आणि तार तिच्या निम्म्याहून किंचित कमी. मला एकानं विचारलं होतं की नागपूरच्या ४६ डिग्रीत तार लांबत नसेल का, तर लांबते, थंडीतल्या १० डिग्रीपासून मोजलं तर सगळी मिळून १२ मिलीमीटर! त्यानं काही बिघडत नाही. तारेचा खरा शत्रू संक्रांत आहे. त्या दिवशी सकाळपासून "ओ काट" चालू होतं आणि संध्याकाळी माझ्या तारेवर किलोभर मांजा लटकलेला असतो.

तर भाऊ कुठे गेले? याचं उत्तर जमिनीपासून साधारण ३०० किलोमीटर वर आहे. तिथे हवा नावापुरती असते, सूर्याचे अतिनील किरण त्या विरळ वायूच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे करतात, आणि त्या सुट्या इलेक्ट्रॉनांचा थर रेडिओच्या लहरींना वाकवून खाली परत पाठवतो. याला आयनोस्फियर म्हणतात. १९०१ मध्ये मार्कोनीनं अटलांटिक पार सिग्नल नेला तेव्हा लोक चक्रावले होते, कारण लहर सरळ जाते आणि पृथ्वी गोल आहे, मग ती वळली कशी? पुढच्याच वर्षी केनेली आणि हेविसाइड यांनी वर असा थर असावा असा अंदाज केला, १९२४ मध्ये अ‍ॅपलटननं तो सिद्ध केला आणि त्यासाठी १९४७ चं नोबेल घेतलं. आपल्याकडे हे काम कलकत्त्याला शिशिरकुमार मित्रांनी उभं केलं, ते नाव शाळेच्या पुस्तकात असायला हवं होतं असं मला वाटतं.

आता आमच्या फुटाळा तलावाच्या काठावर उभं राहून चपटा दगड पाण्यावर आडवा फेका, तो टप्पे खात जातो. तोच दगड उभा वरून टाका, डुबुक. लहरींचंही जवळपास असंच. इंडोनेशियाहून येणारी लहर त्या थराला तिरपी, घासून लागते, ती सहज परत फिरते, एक-दोन टप्प्यांत नागपूरला. पण अमरावतीला पोचायचं तर माझी लहर जवळजवळ सरळ वर जाऊन सरळ खाली यायला पाहिजे, म्हणजे दीडशे किलोमीटरवरच्या भाऊंसाठी आवाज सहाशेहून जास्त किलोमीटर फिरून जातो. उभ्या लहरीला परत फिरवायला थर चांगला दाट लागतो. दिवसा सूर्य तो दाट ठेवतो, सूर्य बुडाला की इलेक्ट्रॉन हळूहळू पुन्हा अणूंना चिकटतात, थर पातळ होतो, आणि एक वेळ अशी येते की ७ मेगाहर्ट्झची उभी लहर आरपार निघून जाते, अंतराळात. भाऊंची बाग, बहार, सगळं त्या दिवशी वर गेलं.

त्याखाली ६० ते ९० किलोमीटरवर अजून एक थर असतो, त्याला डी म्हणतात, तो दिवसा लहरी गिळतो आणि अंधार पडला की गायब होतो. मीडियम वेव्हवर रात्री दूरदूरची स्टेशनं लागतात ती याच्यामुळे. आपल्या नागपूरचं १५६६ किलोहर्ट्झवरचं १००० किलोवॅटचं आकाशवाणीचं ट्रान्समीटर परदेशातले हौशी लोक रात्री कान लावून पकडायचे ते पण याचमुळे, दिवसा त्यांच्या बापाला सापडलं नसतं.

मजा अशी की २०२४ मध्ये हाच प्रकार उलटा झाला. भाऊ रात्री अकरालाही ठणठणीत. दोघांचे सेट तेच, तारा त्याच. बदलला होता सूर्य. त्याचं साधारण ११ वर्षांचं चक्र असतं, डाग वाढतात, कमी होतात, आणि डाग जास्त म्हणजे अतिनील किरण जास्त, थर दाट. २०१९ चा डिसेंबर म्हणजे नेमका तळ होता, तिथूनच २५ वं चक्र सुरू झालं धरतात, आणि २०२४ मध्ये ते शिखराला होतं. मी नेमका तळाला हौस सुरू केली होती, माझं नशीबच तसं.

पण जास्त सूर्य म्हणजे नुसता फायदा असं पण नाही. ११ मे २०२४, सकाळी सातच्या आसपास नेहमीची मंडळी बँडवर होती, आणि बघता बघता सगळं शांत. नुसती खरखर पण नाही, बँड मेला. मी कनेक्टर तपासला, गच्चीवर चढलो, तार जागेवर. नंतर कळलं की सूर्यावर एक्स ५.८ दर्जाची, म्हणजे फार जोरदार ज्वाला उसळली होती, तिचे क्ष-किरण सव्वाआठ मिनिटांत इथे पोचले आणि तो लहरी गिळणारा डी थर एकदम फुगला. आदल्या रात्री लडाखमध्ये हानलेला आकाश लाल दिसलं होतं, तेही त्याच दिवसांतलं सौर वादळ. मी मात्र तासभर गच्चीवर पाना घेऊन सूर्याकडे पाठ करून उभा होतो.

प्रत्येक खरखर सूर्यामुळे नसते हे पण सांगतो. एका मे महिन्यात रोज संध्याकाळी सातला रेडिओवर असा घर्रर्र आवाज सुरू व्हायचा की भाऊ काय, कोणीच ऐकू यायचं नाही. मी घराचा मेन स्विच पाडला, रिग बॅटरीवर चालवला, घर्रर्र तसंच. मग खिशातला ट्रान्झिस्टर घेऊन अंगणात, गल्लीत फिरलो, जिथे आवाज वाढतो तिकडे जायचं, आणि पोचलो थेट बाजूच्या काकूंच्या कूलरपाशी. मोटर बिचारी निर्दोष होती. वेग कमी-जास्त करायचा जो इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असतो तो विजेची लहर सेकंदाला १०० वेळा कापतो, आणि प्रत्येक काप म्हणजे रेडिओसाठी एक बारीक ठिणगी. काकू म्हणाल्या, "कूलर बंद करू का आता तुझ्यासाठी? मरू का गर्मीनं?" मी माझ्या पैशानं कपॅसिटरवाला पायऱ्यांचा रेग्युलेटर बसवून दिला. आवाज गेला. "आणि अमरावतीला फोन नाही लागत का रे?" हे त्यांनी तेव्हा विचारलं, अजूनही विचारतात.

फोन लागतो ना. पण फोन सांगत नाही की वर आत्ता काय चालू आहे. गच्चीवरून हातातल्या वॉकीटॉकीवर १४५ मेगाहर्ट्झला मी फार तर पंचवीस-तीस किलोमीटर जातो, कारण इतकी उंच फ्रिक्वेन्सी आयनोस्फियर परत पाठवतच नाही, आणि पुढे पृथ्वीचा गोलावा आडवा येतो. म्हणून तिथे अमरावती कधीच नाही, पण अंतराळ स्थानक ४०० किलोमीटर वरून गेलं आणि तेव्हा त्यावरचं प्रसारण चालू असलं, तर १४५.८०० वर त्याचा सिग्नल साध्या सेटवर येतो, दहाएक मिनिटं, येताना ट्यूनिंग थोडं वर ठेवायचं आणि जाताना थोडं खाली, रेल्वेच्या शिट्टीसारखं.

आता चक्र उतरणीला लागलंय. मागच्या आठवड्यात भाऊ सव्वानऊलाच बुडले. यावर उपाय आहे, फ्रिक्वेन्सी निम्मी करायची, ३.६ मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे ८० मीटर बँड, ती लहर पातळ थरातूनही सरळ परत येते. फक्त तार लागते ४० मीटर आणि माझ्या गच्चीवर तेवढी जागा नाही. म्हणून परवा काकूंकडे गेलो, चहा झाला, दोरीचं एक टोक तुमच्या पाण्याच्या टाकीला बांधू का विचारलं. हो म्हणाल्या. रेग्युलेटरची आठवण मी काढली नाही, त्यांनीच काढली. अट एकच, संक्रांतीच्या आदल्या दिवशी तार उतरवायची, नातवाची पतंग अडकते.