सायकलवर काय खावं आणि कधी: सोलापूरच्या सायकलस्वार ग्राहकांसाठी

आमच्याकडून कडक भाकरी आणि शेंगा चटणी नेणाऱ्यांमध्ये सायकलस्वार वाढले आहेत. कुणी रविवारी तुळजापूरला जातं, कुणी अक्कलकोटला, आषाढीच्या आधी काही जण पंढरपूर गाठतात, आणि जर्सीच्या मागच्या खिशात भाकरीची पुडी असते. याचा आम्हाला आनंद आहे. तरीही आमच्याच मालाबद्दल एक गोष्ट आधी सांगतो: कडक भाकरी आणि चटणी आदल्या रात्री खा, नाहीतर घरी परतल्यावर खा. सायकल चालवताना खाऊ नका. चालत्या सायकलवर पोटाला मऊ, गोडसर आणि पटकन पचणारं काहीतरी लागतं. ते महागड्या पाकिटातूनच यायला हवं असं नाही. बहुतेक सामान तुमच्या फडताळात असतंच.

साठा किती पुरतो

जोर लावताना स्नायूंना सगळ्यात सोयीची पडतात ती कर्बोदकं. शरीर त्यांचा साठा करून ठेवतं, स्नायूंमध्ये साधारण ४०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास. एका ग्रॅममधून ४ कॅलरी मिळतात, म्हणजे सगळे मिळून २,००० कॅलरी. नेटाने सायकल हाणली तर दीड-दोन तासांत हा साठा बराच खाली येतो. अंगात चरबी भरपूर असली तरी ती सावकाश जळते, चढावर तिच्या भरवशावर राहता येत नाही. साठा संपला की पाय शिशासारखे जड होतात, हात थरथरतात, घाम गार पडतो, उगाच चिडचिड होते. सायकलवाले याला बॉंक म्हणतात. तुळजापूरला जाताना घाट अगदी शेवटी येतो, त्यामुळे सकाळी काही न खाता निघालेल्यांना बॉंक नेमका तिथेच गाठतो. असं झालं तर सावलीत थांबा, काहीतरी गोड खा किंवा प्या, आणि पंधरा-वीस मिनिटांनी अंगात बळ आल्यावरच निघा.

तासाभराची फेरी असेल, म्हणजे होटगी तलावापर्यंत जाऊन येणं वगैरे, तर पाण्याची बाटली पुरे. त्याहून जास्त वेळ लागणार असेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. अडीच-तीन तासांपुढच्या जोरदार राइडला अनुभवी लोक तासाला ९० ग्रॅमपर्यंतही जातात, पण त्यासाठी पोटाला आधी सवय लावावी लागते. पहिल्याच खेपेला हा प्रयोग करू नका.

आदली रात्र ज्वारीची

ज्वारीबद्दल आम्ही जरा जास्त बोलणार, कारण आमचा व्यवसायच तिच्यावर उभा आहे. आपल्या जिल्ह्याची रब्बीची मालदांडी आणि भौगोलिक मानांकन मिळालेली मंगळवेढ्याची ज्वारी यांची चव दुसरीकडे मिळत नाही. शंभर ग्रॅम पिठात ६८ ते ७० ग्रॅम कर्बोदकं असतात. आमच्या एका कडक भाकरीला साधारण ४० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे एका भाकरीतून सुमारे २७ ग्रॅम मिळतात. तीन भाकऱ्या आमटीत कुस्करून खाल्ल्या, बरोबर वाटीभर भात घेतला, की रात्रभरात साठा भरायला चांगली मदत होते.

ज्वारीत तंतू भरपूर असल्याने ती सावकाश पचते. रात्री हाच तिचा गुण आहे. पहाटे सायकलवर बसायच्या आधी मात्र तोच आड येतो: पोट जड राहतं, गॅस होतो, आणि खाल्लेलं वेळेवर रक्तात पोचत नाही. शेंगा चटणीचंही तसंच. शेंगदाण्याचं निम्म्याच्या आसपास वजन तेलाचं असतं, आणि तेल जठरातून पुढे सरकायला वेळ घेतं. शिवाय चटणीत लसूण आणि तिखट. चढावर धाप लागलेली असताना घशाशी आलेली लसणाची चटणी कुणालाच नको.

पहाटे निघणार असाल तर रात्रीचं जेवण लवकर उरका. पाव्हण्यांकडे मटणाचा बेत असेल तर तो राइडनंतर ठेवायला सांगा.

निघण्यापूर्वी

दीड-दोन तास हाताशी असतील तर पोहे करा. शंभर ग्रॅम कोरड्या पोह्यांत ७५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं असतात. फोडणीला तेल बेताचं घ्या, शेंगदाणे मूठभर घालण्याऐवजी चार दाणे घाला. आमची पसंती मात्र सुशीलाला. चुरमुरे भिजवायचे, लगेच पिळून घ्यायचे, मोहरी-हळद-कांद्याची फोडणी द्यायची, वरून थोडं डाळ्याचं कूट आणि लिंबू. दहा मिनिटांत होतो, पोटाला हलका असतो, आणि मीठही जातं. मिरची त्या दिवशी एकच.

उठून अर्ध्या तासात निघायचं असेल तर शिजवायच्या भानगडीत पडू नका. दोन केळी किंवा गूळ लावलेली मऊ पोळी, आणि चहा. उपाशीपोटी निघून वाटेत नाष्टा करू असा विचार करणारे पुष्कळ भेटतात. वाटेत मिळतात ते वडे, भजी आणि पुऱ्या, सगळं तळलेलं. त्यावर सायकल चालत नाही, झोप येते.

खिशातला खाऊ

इथे मऊपणा महत्त्वाचा. एका हाताने खाता आलं पाहिजे, चावायला वेळ लागता कामा नये, आणि तोंड कोरडं असताना घशात अडकता कामा नये. कडक भाकरी या तिन्ही कसोट्यांवर नापास होते. शिवाय खिशात तिचा चुरा होतो.

सगळ्यात सोपं केळं. मध्यम आकाराच्या केळ्यात सुमारे २५ ग्रॅम कर्बोदकं असतात, आणि करमाळा-टेंभुर्णी पट्ट्यातली केळी आपल्याकडे सहज मिळतात. थोडं टणक घ्या, पूर्ण पिकलेलं खिशात लगदा होतं. खजूर आणि बेदाणे त्याहून आटोपशीर: शंभर ग्रॅमला साधारण ७५ ग्रॅम. बिया घरीच काढून ठेवा, चालत्या सायकलवर बी थुंकायच्या नादात तोल जातो.

आता आमची सर्वात आवडती गोष्ट, गूळभाताची वडी. एक मोठी वाटी, म्हणजे १५० ग्रॅम, साधा तांदूळ जास्त पाणी घालून चांगला मऊ शिजवा. बासमती नको, तो मोकळा राहतो. गरम असतानाच ८० ग्रॅम किसलेला गूळ, पाव चमचा मीठ, वेलची किंवा सुंठ घालून डावाने घोटा. ताटाला तुपाचा हात लावून त्यात दाबून थापा, गार झाल्यावर आठ वड्या पाडा आणि एकेक वडी बटर पेपरमध्ये गुंडाळा. एका वडीतून २३ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं मिळतात. ही जोडी चालते त्याला शास्त्रही आहे. भातातून ग्लुकोज मिळतं, गुळातून ग्लुकोजबरोबर फ्रुक्टोजही. आतड्यात या दोन साखरा वेगवेगळ्या वाटांनी शोषल्या जातात. नुसतं ग्लुकोज घेतलं तर तासाला ६० ग्रॅमच्या आसपास त्याची वाट भरून जाते, दोन्ही घेतल्या तर त्यापुढेही जाता येतं. महागड्या जेलच्या, म्हणजे सायकलवाले वाटेत चोखतात त्या घट्ट गोड पाकाच्या, पाकिटामागेही हाच विचार असतो.

एक काळजी घ्या. शिजलेला भात आपल्या उन्हात फार टिकत नाही. वडी पहाटे करा, किंवा रात्री करून गार होताच फ्रीजमध्ये ठेवा, आणि दुपारच्या आत संपवा. उरलेली संध्याकाळी खाऊ नका.

बिघडायची भीती नको असेल तर खजुराचा लाडू. बिया काढलेला १०० ग्रॅम खजूर कुस्करा, त्यात हाताने चुरलेले ३० ग्रॅम चुरमुरे आणि चमचाभर भाजलेले तीळ घालून आठ लाडू वळा. एकात १२ ग्रॅम. चार दिवस सहज टिकतात, आणि लहान मुलं डब्यातच संपवतात.

दोन-अडीच तासांनी गोडाचा वीट येतो. तेव्हा मीठ लावलेले उकडलेले छोटे बटाटे काढा. शंभर ग्रॅम बटाट्यात २० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, शिवाय घामावाटे गेलेलं मीठ परत मिळतं. त्यावर चिमूटभर आमची चटणी लावली तर चालेल. चिमूटभरच.

शेंगा पोळीबद्दल खूप जण विचारतात. आत गूळ असला तरी शेंगदाण्याचं कूट जास्त, त्यामुळे ती जोरात चालवताना नको. सावकाश, गप्पा मारत, दिवसभर चालणाऱ्या राइडला चतुर्थांश पोळी मधल्या मुक्कामावर छान लागते.

भूक लागायची वाट बघू नका. पहिल्या पाऊण तासातच पहिला घास खा, पुढे दर वीस मिनिटांनी थोडं थोडं. घड्याळात गजर लावून ठेवला तरी हरकत नाही.

बाटलीत काय

आपल्याकडे मार्च उजाडला की उन्हाचा चटका सुरू होतो आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळी घास गिळवत नाही, म्हणून निम्मी कर्बोदकं बाटलीतूनच घ्या. एक लिटर पाणी, १२ चहाचे चमचे साखर (साधारण ६० ग्रॅम), पाव चमचा मीठ, एका लिंबाचा रस. एवढंच. याहून गोड केलं तर पोटात डुचमळतं आणि मळमळ होते. साखरेऐवजी गूळ घ्यायचा असेल तर विरघळवून फडक्याने गाळा, नाहीतर बाटलीच्या तोंडात कचरा अडकतो. दोन बाटल्या असतील तर दुसरीत साधं पाणी ठेवा. ते पिता येतं, डोक्यावर ओतता येतं, आणि चूळ भरून दातांवरची साखरही धुता येते.

रस्त्याकडेच्या रसवंतीवर थांबायला आमची ना नाही. एका ग्लास उसाच्या रसात ३० ग्रॅमच्या आसपास साखर मिळते. बर्फ मात्र घालू नका म्हणावं, आणि वर घोटभर साधं पाणी प्या.

तुळजापूरचा हिशेब

जाऊन-येऊन ९० किलोमीटर, सावकाश धरले तर साडेचार तास. तासाला ४५ ग्रॅम म्हटलं तर २०० ग्रॅमच्या घरात कर्बोदकं लागतील. पाऊण लिटरच्या बाटलीत वरच्या प्रमाणाने ४५ ग्रॅम बसतात. एक बाटली जाताना, एक परतताना, झाले ९०. गूळभाताच्या चार वड्या, आणखी ९२. तुळजापुरात देवीचं दर्शन घेऊन एक केळं, २५. हिशेब पुरा झाला, आणि खर्च एका जेलच्या पाकिटाहून कमी. एक वडी घाट सुरू व्हायच्या थोडी आधी खा, घाटात नाही. परतीची बाटली भरायला साखर-मिठाची पुडी घरूनच मोजून न्या. उन्हाळ्यात पहाटे पाचच्या आत निघा. पाणी दोन बाटल्यांवर भागणार नाही, मिळेल तिथे साधं पाणी प्या.

घरी आल्यावर

इथे आमच्या भाकरीला पुन्हा मान. दुसऱ्या दिवशीही राइड असेल तर आल्यापासून तासाभरात जेवा: कर्बोदकं भरपूर, आणि सोबत प्रथिनं. पिठलं-भाकरी, दहीभात, ताकातल्या ज्वारीच्या कण्या, भाकरीवर उसळ, सगळं चालतं. थकव्याने जेवण जात नसेल तर हुलग्याचं माडगं करा. हुलग्याचं पीठ पाण्यात कालवून शिजवायचं, गूळ घालायचा, वरून दूध. कर्बोदकं आणि प्रथिनं दोन्ही एका वाडग्यात येतात, आणि गरम गरम पोटात गेलं की अंग सैल होतं. डाळिंबही आता खा. राइडमध्ये दाणे सोलत बसणं जमत नाही.

हे सगळ्यांसाठी नाही

रोज सायकलने अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांना यातलं काही वेगळं करायची गरज नाही. घरचा नाष्टा आणि डबा पुरेसा आहे. लाडू आणि साखरपाणी लांब राइडसाठी आहेत, खुर्चीत बसून खायला नाहीत. मधुमेह असलेल्यांनी, विशेषतः इन्शुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, लांब राइडआधी काय आणि किती खायचं हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. जास्त व्यायामाने त्यांची साखर एकदम खाली जाऊ शकते. रक्तदाब असेल तर बाटलीतल्या मिठाबद्दलही विचारा.

आमच्याकडे काय मिळेल

कडक भाकरी, शेंगा चटणी, शेंगा पोळी आणि हुलग्याचं पीठ नेहमी असतं. भाकरी हवाबंद डब्यात कोरड्या जागी ठेवा. पावसाळ्यात ती लवकर सादळते, तेव्हा तव्यावर मंद आचेवर पुन्हा शेकून घ्या. चटणीच्या बरणीत ओला चमचा घालू नका. खजुराचे लाडू शनिवारसाठी करतो, ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सांगून ठेवा. गूळभाताची वडी आम्ही विकत नाही, कारण ती दुकानात पडून राहिली तर खराब होईल. पण कृतीत काही अडलं तर दुकानात येऊन विचारा. तांदूळ किती मऊ हवा ते शब्दांत नीट सांगता येत नाही, एकदा हाताने दाबून बघितलं की कळतं.