सरहद्दीवरील युद्ध, अंतर्गत उठाव व दक्षिण आफ्रिकेतील वर्णविद्वेषी राजवटीचा अंत

दक्षिण आफ्रिकेत १९४८ मध्ये नॅशनल पक्ष सत्तेवर आल्यापासून कायद्याने राबविली गेलेली वर्णविद्वेषी राजवट एप्रिल १९९४ मधील पहिल्या सर्ववर्णीय निवडणुकीने संपुष्टात आली. तिच्या अखेरच्या पर्वात अंगोला-नामिबियातील युद्ध आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमधील उठाव एकाच वेळी धगधगत होते. दोहोंचा भार एकाच तिजोरीवर आणि सक्तीने भरती झालेल्या त्याच गोऱ्या तरुणांवर पडत होता. राजवटीचा अंत जवळ आणण्यात या दुहेरी ओझ्याचा मोठा वाटा होता.

एप्रिल १९७४ मध्ये पोर्तुगालची राजधानी लिस्बनमध्ये सत्तापालट झाला आणि पुढील वर्षी अंगोला व मोझांबिक स्वतंत्र झाले. त्यामुळे राजवटीला उत्तरेकडून लाभलेले पोर्तुगीज वसाहतींचे कवच नाहीसे झाले. दक्षिण आफ्रिकेने बळकावून ठेवलेल्या नामिबियात ‘स्वापो’ ही संघटना १९६६ पासून सशस्त्र लढा देत होती; तिला आता अंगोलात तळ मिळाले. १९७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे सैन्य अंगोलात घुसले, तेव्हा तेथील एमपीएलए या डाव्या पक्षाच्या सरकारच्या मदतीला क्यूबाने फौजा धाडल्या. गोऱ्या युवकांची सक्तीची लष्करी सेवा पुढे दोन वर्षांची झाली.

देशातील असंतोषाला नव्या राज्यघटनेने निमित्त पुरविले. १९८३ च्या या घटनेने मिश्रवर्णीय व भारतीय वंशीयांना संसदेत वेगळी सभागृहे दिली, पण बहुसंख्य कृष्णवर्णीयांना काहीच दिले नाही. तिला विरोध करण्यासाठी ऑगस्ट १९८३ मध्ये युनायटेड डेमोक्रॅटिक फ्रंट स्थापन झाला. पुढील वर्षीच्या निवडणुकीकडे भारतीय वंशाच्या बहुसंख्य मतदारांनीही पाठ फिरविली. ३ सप्टेंबर १९८४ रोजी, म्हणजे नवी घटना अमलात आली त्याच दिवशी, सेबोकेंग, शार्पव्हिल आदी वस्त्यांत घरभाडेवाढीविरुद्ध उद्रेक झाला. त्याच ऑक्टोबरमध्ये सुमारे ७,००० सैनिक व पोलिसांनी पहाटे सेबोकेंगला वेढा घालून घरोघर झडती घेतली. परमुलखातील शत्रूशी लढण्यासाठी म्हणून भरती केलेली मुले आता आपल्याच देशातील नागरिकांची दारे ठोठावू लागली, आणि सक्तीच्या भरतीविरुद्ध गोऱ्या समाजातच उभी राहिलेली चळवळ यामुळे बळावली. १९८८ मध्ये सरकारने तिच्यावर बंदी घातली.

जुलै १९८५ मध्ये काही भागांत आणीबाणी पुकारली गेली. पाठोपाठ परदेशी बँकांनी अल्पमुदतीच्या कर्जांचे नूतनीकरण नाकारले, रँड हे देशाचे चलन घसरले आणि सरकारला परतफेड स्थगित करावी लागली. जून १९८६ मध्ये आणीबाणी देशभर लागू झाली, पण तिने वस्त्या शांत झाल्या तरी गेलेले भांडवल परत आले नाही.

अंगोलातील क्विटो क्वानावाले येथील लढाईत (१९८७-८८) विजय कोणाचा झाला, हा वाद अजून मिटलेला नाही. लोम्बा नदीकाठी दक्षिण आफ्रिकेने अंगोलाच्या सैन्याची मोठी हानी केली, हे खरे. तथापि क्विटो गाव अखेरपर्यंत तिच्या हाती लागले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९७७ च्या शस्त्रबंदीमुळे तिला आपल्या जुन्या मिराज विमानांच्या जागी नवी घेता येत नव्हती, तर समोर मिग-२३ ही सोव्हिएत बनावटीची विमाने होती. जून १९८८ मध्ये क्यूबाच्या विमानांनी नामिबियाच्या सीमेलगतच्या कालुएके धरणावर हल्ला केला आणि त्यात दक्षिण आफ्रिकेचे सैनिक ठार झाले. लढाईचा तांत्रिक निकाल काहीही असो, एवढ्या दूरच्या रणभूमीवर गोरे तरुण गमावण्याची राजकीय किंमत प्रिटोरियातील दक्षिण आफ्रिकी सरकारला परवडेनाशी झाली होती. २२ डिसेंबर १९८८ च्या न्यूयॉर्क करारांनी नामिबियाचे स्वातंत्र्य व क्यूबाच्या फौजांची माघार निश्चित केली.

या तडजोडीचा चटका राजवटीविरुद्ध लढणाऱ्या, बंदी घातलेल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या संघटनेलाही बसला, कारण तिला अंगोलातील आपले लष्करी तळ हलवावे लागले. त्यातच पूर्व युरोपातील साम्यवादी सरकारे कोसळली आणि साम्यवादाचा बागुलबुवा दाखवून दडपशाहीचे समर्थन करणे राजवटीला अवघड झाले. २ फेब्रुवारी १९९० रोजी अध्यक्ष एफ. डब्ल्यू. डी क्लर्क यांनी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवरील बंदी उठविली. ११ फेब्रुवारीला नेल्सन मंडेला यांची सुटका झाली आणि २१ मार्चला नामिबिया स्वतंत्र झाला. ऑगस्टमध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने सशस्त्र लढा स्थगित केला.