पावत्यांवर चाललेला बाजार : 1992च्या रोखे घोटाळ्याची पार्श्वभूमी

दलाल हर्षद मेहता म्हटलं की शेअर बाजार आठवतो. पण पैसा गेला तो सरकारी कर्जरोख्यांच्या व्यवहारांतून, आणि ती वाट काही त्याने एकट्याने पाडलेली नव्हती.

1990च्या सुमारास बँकांच्या ठेवींतले 38.5 टक्के एसएलआरपोटी, म्हणजे सुरक्षित गुंतवणुकीच्या सक्तीपोटी, मुख्यतः सरकारी रोख्यांत अडकत, 15 टक्के सीआरआरपोटी, म्हणजे सक्तीची रोख राखीव म्हणून, रिझर्व्ह बँकेकडे. व्याजदर बांधलेले, शेतीसारख्या प्राधान्य क्षेत्राला कर्ज देण्याचं उद्दिष्ट वेगळंच. शिवाय नफा दाखवा, हा लकडा. मग हातात उरली रोख्यांची उलाढाल. सरकारी उपक्रमांकडचा पडून असलेला पैसाही 'पोर्टफोलिओ'च्या, म्हणजे ग्राहकाच्या वतीने गुंतवणूक करण्याच्या, नावाखाली तिथेच वळला. ठेवींवरच्या व्याजाला मर्यादा होती, त्यामुळे ही पळवाट दोघांच्याही सोयीची.

रोख्यांची मालकी म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या लोकऋण कार्यालयातल्या वहीतली नोंद. ती हाताने व्हायची, रेंगाळायची. म्हणून विकणारी बँक पावती द्यायची: पैसे मिळाले, रोखे मागाहून. हीच बँक रिसीट, म्हणजे 'बीआर'. आज ना उद्या रोखे येतील एवढ्यापुरती सोय. पुढे पावतीच रोख्यासारखी फिरू लागली. दलाल मध्ये असला की समोर कोणती बँक आहे हे विचारायचं कारणच उरत नसे. बँकेच्या नावाने काढलेला चेक दलालाच्या खात्यात जमा करण्याचीही रीत पडली होती. मोठ्या ग्राहकाला नाही कोण म्हणणार?

रिझर्व्ह बँक अंधारात होती म्हणावं, तर जुलै 1991मध्ये तिनेच परिपत्रक काढून बीआरवर बंधनं घातली होती. परिपत्रक फायलीला लागलं, व्यवहार चालूच राहिले. सरकारचं कर्ज खपवणं आणि ते घेणाऱ्या बँकांवर देखरेख ठेवणं, ही दोन्ही कामं तिच्याचकडे. तिच्याच मालकीची नॅशनल हाउसिंग बँक, घरबांधणीसाठी 1988मध्ये स्थापन झालेली, या व्यवहारांत रुतली.

एप्रिल 1992मध्ये पत्रकार सुचेता दलाल यांच्या बातमीने स्टेट बँकेतली तूट बाहेर आली. रिझर्व्ह बँकेने चौकशीसाठी नेमलेल्या जानकीरामन समितीने वह्या उघडल्या, तेव्हा 4,000 कोटींहून अधिक रकमेचा मेळ लागेना. बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह या छोट्या बँकांच्या पावत्यांमागे रोखेच नव्हते. एवढीशी बँक इतक्या कोटींचे रोखे आणते कुठून, हे त्या पावत्या घेणाऱ्या बड्या बँकांनी विचारलं नव्हतं. कराडची बँक त्यात बुडाली.

रोखे आणि पैसे एकाच वेळी हस्तांतरित करण्याची पद्धत रिझर्व्ह बँकेने आणली ती 1995मध्ये.