पंप नाही, पंखा नाही, तरी उपग्रह गार

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. धुळ्यात लोक ‘कितलं तपी ऱ्हायनं’ म्हणत भरदुपारी दारं लावून घेतात. त्याच धुळ्यात जानेवारीच्या पहाटे पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो. रावेर-यावलच्या केळीला ही दोन्ही टोकं सोसावी लागतात, पण निदान मधे काही महिने मिळतात. पृथ्वीजवळच्या कक्षेतला उपग्रह साधारण दीड तासात एक फेरी संपवतो, आणि तेवढ्यात त्याचं ऊनही होतं नि सावलीही. उघडा पृष्ठभाग असेल तर उन्हात १०० अंशांच्या वर आणि सावलीत उणे १०० च्या खाली जाऊ शकतो.

हे झालं बाहेरचं. आतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा स्वतः तापते ते वेगळंच. अवकाश गार असतं, मग उपग्रह तापेल कशाला, हा प्रश्न हमखास येतो. आपण उन्हातून सावलीत आलो की बरं वाटतं, कारण ऊन थांबतं आणि अंगावरून जाणारी हवा उष्णता घेऊन जाते. तिथे हवाच नाही. शाळेत शिकलेल्या वहन, अभिसरण आणि प्रारण या तिघांपैकी उपग्रहाबाहेर फक्त प्रारण उरतं, आणि ते फार उदार नाही. २७ अंश तापमानाचा एक चौरस मीटर काळाकुट्ट पृष्ठभाग सेकंदाला जेमतेम ४६० ज्यूल, म्हणजे ४६० वॉट बाहेर टाकतो. म्हणून उष्णता फेकायला मोठे पत्रे लागतात, आणि तापणारा डबा असतो आत, एका कोपऱ्यात. तिथली उष्णता पत्र्यापर्यंत न्यायची कशी, खरी अडचण ही आहे.

तांब्याची सळई लावून पाहू. १२ मिलिमीटर जाडीच्या, एक मीटर लांब सळईतून १०० वॉट उष्णता पलीकडे न्यायची, तर दोन टोकांच्या तापमानात २२०० अंशांचा फरक लागेल. तांबं १०८५ अंशांनाच वितळतं! तेवढ्याच जाडीची एक पोकळ नळी हेच काम दोन-चार अंशांच्या फरकात करते. तिचं नाव हीट पाइप.

ही ॲल्युमिनियमची नळी आडवी कापून पाहिली तर आतल्या भिंतीवर, लांबीभर, मिलिमीटरभर खोलीच्या खाचा दिसतात. नळीतली हवा पूर्ण काढून टाकलेली असते, आत काही ग्रॅम शुद्ध अमोनिया भरलेला असतो आणि दोन्ही तोंडं वितळजोड करून कायमची बंद केलेली असतात. एक टोक तापलं की तिथला अमोनिया वाफ होतो आणि वाफ होताना अप्रकट उष्मा शोषतो. वाफ थंड टोकाकडे धावते, तिथे द्रव होते, उष्मा सोडते. द्रव खाचांमधून केशाकर्षणाने, म्हणजे वातीत तेल चढतं तसा, आपोआप गरम टोकाला परततो. आपल्याकडचा कूलर निम्मं हेच करतो. गवताच्या ताट्यांवरून झिरपणारं पाणी वाफ होताना हवेची उष्णता घेतं. पण कूलरची वाफ खोलीत निघून जाते, म्हणून टाकी पुन्हा पुन्हा भरावी लागते. या नळीत थेंबही बाहेर जात नाही. १०० वॉट वाहायला सेकंदाला ग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी अमोनिया उकळावा लागतो. पंप नसल्यामुळे बिघडायलाही काही नाही. पंधरा वर्षं मिस्त्री पोचू शकणार नाही अशा जागी याहून मोठा गुण कोणता?

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलर यांना १९४४ मध्ये तिचं पेटंट मिळालं, शीतयंत्रांसाठी. पुढे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९६३ मध्ये लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे पुन्हा शोधली. १९६७ मध्ये अशी नळी कक्षेत तपासली गेली आणि १९६८ च्या जिओस-२ उपग्रहात ती प्रत्यक्ष कामाला लागली.

अमोनियाच का? पाणी ० अंशाला गोठतं, शिवाय ॲल्युमिनियमशी त्याची क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो. हा वायू थंड टोकाला जाऊन बसतो, तिथे वाफ पोचत नाही आणि नळीचा तेवढा भाग निकामी होतो. अमोनिया उणे ७८ अंशांपर्यंत गोठत नाही. लॅपटॉपमधल्या नळ्या तांब्याच्या असतात, तिथे पाणी चालतं.

भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून एकाच जागी दिसणाऱ्या दळणवळण उपग्रहांत, भारताच्याही, अशा नळ्या पॅनेलच्या आत बसवलेल्या असतात. उष्णता फेकणारे पत्रे उपग्रहाच्या उत्तर आणि दक्षिण बाजूंना असतात, कारण बाकीच्या चार बाजूंवरून सूर्य दिवसभरात फिरून जातो. या दोन बाजूंवर मात्र तो जास्तीत जास्त साडेतेवीस अंशांच्या तिरप्या कोनातून येतो, तोही सहा-सहा महिन्यांच्या पाळीने.

खरी गंमत जमिनीवरच्या चाचणीत आहे. अवकाशात बिनबोभाट चालणारी खाचांची नळी इथे गरम टोक दोन-तीन सेंटिमीटर उचललं की बंद पडते. गुरुत्वाकर्षणापुढे केशाकर्षणाची ताकद तेवढीच. त्यामुळे चाचणीच्या वेळी नळी जवळजवळ आडवी, मिलिमीटर मोजत ठेवावी लागते. यावर उपाय म्हणून सोव्हिएत संघात १९७० च्या दशकात लूप हीट पाइप आला. त्यात द्रव ओढणारा सच्छिद्र भाग फक्त गरम टोकाला असतो. त्याची छिद्रं मायक्रॉनच्या मापाची, त्यामुळे ओढ कितीतरी जास्त. वाफ आणि द्रव वेगवेगळ्या साध्या नळ्यांतून फिरतात, त्या हव्या तशा वळवता येतात.

एक दोष मात्र राहतोच. यंत्रणा बंद असली तरी नळी उष्णता नेतच राहते, आणि मग उपकरण गारठू नये म्हणून हीटर लावून मोलाची वीज जाळावी लागते. त्यासाठी काही नळ्यांच्या थंड टोकाला मुद्दाम थोडा नायट्रोजन किंवा आरगॉन भरतात. वर ज्या वायूची अडचण सांगितली, तोच प्रकार इथे उपयोगी पडतो. तापमान उतरलं, वाफेचा दाब घटला की हा वायू पसरून थंड टोक अडवतो, उष्णता बाहेर जाणं कमी होतं. उपकरण पुन्हा तापलं की वाफ त्याला मागे रेटते आणि पत्रा मोकळा होतो. झडप नाही, वायर नाही, सॉफ्टवेअरही नाही.