लेमिंग सामूहिक आत्महत्या करतात का?

वर्षानुवर्षे फिरणारा दावा असा: टुंड्रातले लेमिंग हे उंदरासारखे प्राणी संख्या फार वाढली की रांगेने कड्यावर जातात आणि समुद्रात उड्या घेतात.

आत्महत्या खोटी आहे, पण संख्या वाढते हे खरं. नॉर्वे-स्वीडनच्या डोंगरांत साधारण दर तीन-चार वर्षांनी लेमिंगची पैदास अफाट होते. गाभणकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा, आणि हिवाळ्यातही बर्फाच्या थराखाली, शेवाळ खात, पिलं जन्मतात. मग खाणं अपुरं पडतं, आपसांत मारामाऱ्या होतात आणि बरेच जण, विशेषतः तरुण, नवी जागा शोधायला निघतात. ते एकाच दिशेला जात नाहीत. वाटेत तळं किंवा नदी आली की पोहून पार करतात. पोहता त्यांना चांगलं येतं. पात्र फार रुंद असलं तर काही दमून बुडतात. काठावर सापडलेल्या अशा मेलेल्यांवरून गैरसमज पसरणं स्वाभाविकच होतं.

मग कड्यावरून पडणाऱ्या लेमिंगचं दृश्य? ते 1958 च्या एका माहितीपटातलं. चित्रीकरण कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात झालं. नकाशा उघडून पाहा, अल्बर्टाला समुद्रकिनाराच नाही! प्राणी मॅनिटोबातून विकत आणले होते आणि त्यांना कड्यावरून ढकललं होतं.

पैदास अफाट झाली की पुढच्या वर्षी लेमिंगची संख्या कोसळते, ती मुख्यतः स्टोट (मुंगसासारखा दिसणारा लहान शिकारी प्राणी), ध्रुवीय कोल्हे, हिमघुबडं यांची शिकार आणि अन्नटंचाईमुळे. बर्फ वितळल्यावर जमिनीवर गवताची गोल घरटी उघडी पडतात. ती मोजून हिवाळ्यात किती लेमिंग होते याचा अंदाज बांधतात.