जावे त्याच्या वंशा, आणि मग विसरावे

मागच्या महिन्यात एका रविवारी मी स्वयंपाकघरात एक उद्योग करून पाहिला. पातेलंभर पाणी घेतलं, फ्रिजमधले बर्फाचे दोन ट्रे त्यात रिकामे केले आणि डावा हात मनगटापर्यंत बुडवला. पहिली दहा-पंधरा सेकंद मजा वाटली. मग बोटांची पेरं ठणकायला लागली, तो ठणका हाडात उतरला आणि मिनिटभरात 'आता पुरे' अशी अवस्था झाली. हात पाण्यात असतानाच उजव्या हाताने वहीत लिहिलं: वेदना, दहापैकी आठ. मग हात पुसला, चहा टाकला. चहा गाळून होईपर्यंत दहा मिनिटं गेली असतील. स्वतःलाच विचारलं, किती दुखलं होतं? उत्तर आलं, पाच असेल. वही उघडली तर आठाचा आकडा समोर. बायको म्हणाली, "एवढं काय होतं त्यात?" तिने हात घातलाच नव्हता. पण खरं सांगायचं तर दहा मिनिटांनंतर तिच्यात आणि माझ्यात फारसा फरक उरला नव्हता.

हा उद्योग माझ्या डोक्यातला नव्हे. २०११ साली लॉरन नॉर्डग्रेन, जॉर्ज लोवेनस्टाईन आणि त्यांच्या एका सहकारी संशोधिकेने अमेरिकेत असाच प्रयोग केला. तिथे तेव्हा वाद पेटला होता की चौकशीत कैद्याला थंडीत ठेवणं हा छळ म्हणायचा की नाही. संशोधकांनी काहींचा हात बर्फाच्या पाण्यात ठेवून हा प्रश्न विचारला, काहींचा साध्या पाण्यात ठेवून विचारला. ज्यांचा हात बर्फात होता त्यांना थंडी कितीतरी जास्त क्रूर वाटली. यात नवल नाही. नवल तिसऱ्या गटाचं. त्यांनी आधी बर्फाची कळ सोसली होती, पण प्रश्न दहा मिनिटांनी विचारला गेला. त्यांची उत्तरं जे बर्फाला शिवलेही नव्हते त्यांच्यासारखीच निघाली. तापलेलं मन आणि निवलेलं मन यांच्यातल्या या दरीवर लोवेनस्टाईन यांनी बरीच वर्षं काम केलं आहे. पोट भरल्यावर भूक नेमकी कशी होती हे आठवत नाही. भूक लागली होती एवढी माहिती तेवढी उरते.

आता एप्रिल २०१३ मध्ये जाऊ. १९७२ नंतरचा सर्वांत वाईट दुष्काळ असं ज्याला म्हटलं गेलं तो उन्हाळा. सोलापूर जिल्ह्यातला एक शेतकरी उजनीतून पाणी सोडा म्हणून मुंबईत आझाद मैदानावर पन्नासहून जास्त दिवस उपोषणाला बसला होता. इंदापूर तालुक्यातल्या एका सभेत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी त्याची खिल्ली उडवली. धरणातच पाणी नाही तर सोडायचं कुठून, लघवी करायची का, असा त्या बोलण्याचा अर्थ. मूळ शब्द याहून रांगडा होता आणि तो सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. मंडपात हशा पिकला. मंडपाबाहेर वणवा पेटला. त्यांनी माफी मागितली, कराडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दिवसभर आत्मक्लेश म्हणून बसले.

धरणाने तळ गाठला होता हे खोटं नव्हतं. 'पाणीच नाही, सोडणार कुठून' एवढंच वाक्य असतं तर लोक चरफडले असते आणि गप्प बसले असते. राग आला तो पाणी न मिळाल्याचा कमी, आणि आपली तहान कुणाच्या तरी विनोदाचा विषय झाली याचा जास्त.

हा राग आपल्याकडे जरा वेगळ्या जातीचा असतो असं मला वाटतं. तहसीलदाराला आपण साहेब म्हणतो, पण निवडून दिलेल्याला दादा, ताई, आबा, भाऊ, काका. नात्याचं नाव दिलं की अपेक्षाही नात्याच्या होतात. परक्याने टोमणा मारला तर आपण सोडून देतो. भावाने मारलेला दिवाळीपर्यंत सलतो.

मग भर सभेत, कॅमेऱ्यांसमोर, मुरलेला राजकारणी असं का बोलून जातो? 'गेंड्याची कातडी' हे आपलं ठरलेलं उत्तर. ते समाधान देतं, पण त्यातून कळत काहीच नाही, कारण ही कातडी जन्मजात असते की खुर्चीवर बसल्यावर चढते हा प्रश्न तसाच राहतो.

कॅनडातले मेंदूशास्त्रज्ञ सुखविंदर ओभी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये याचा एक कोपरा उकरला. दुसरा माणूस एखादी कृती करताना आपण पाहतो तेव्हा आपल्या मेंदूतला हालचालींचा भागही हलकासा जागा होतो, जणू तीच कृती आपण आत करून पाहतोय. दुसऱ्याला समजून घेण्याच्या अनेक वाटांपैकी ही एक असावी असं मानतात. ओभींच्या प्रयोगात काहींना 'तुमची कुणावर सत्ता चालली होती' असा प्रसंग लिहायला सांगितला, काहींना 'दुसऱ्याची तुमच्यावर चालली होती' असा. मग सगळ्यांना चित्रफीत दाखवली: एक हात रबराचा चेंडू दाबतोय, बस्स. कवटीबाहेरून चुंबकीय स्पंद देऊन त्यांच्या हाताचे स्नायू किती प्रतिसाद देतात ते मोजलं. सत्तेची आठवण लिहिलेल्यांचा प्रतिसाद कमी भरला, सत्ताहीनतेची लिहिलेल्यांचा जास्त.

त्याआधी २००६ मध्ये अ‍ॅडम गॅलिन्स्की यांच्या चमूने याहून साधा खेळ केला होता. स्वतःच्या कपाळावर पेनने इंग्रजी ई काढा. समोरच्याला सरळ दिसेल असा काढायचा की स्वतःच्या बाजूने सरळ, हे ज्याचं त्याने ठरवायचं. सत्तेच्या आठवणीत रमलेल्यांनी स्वतःच्या बाजूने सरळ, म्हणजे जगाला उलटा दिसेल असा ई जवळजवळ तिप्पट प्रमाणात काढला.

इथे थोडं थांबायला हवं. असे बरेचसे प्रयोग मूठभर कॉलेजच्या मुलांवर झाले आहेत, आणि पाच मिनिटांत लिहिलेली आठवण म्हणजे मंत्रिपद नव्हे. मानसशास्त्रातले याच धाटणीचे अनेक गाजलेले निष्कर्ष नंतर पुन्हा तपासताना टिकले नाहीत. म्हणून 'सत्ता मेंदू बिघडवते' अशा मथळ्यांवर मी तरी शपथ घेणार नाही. ब्रिटनचे माजी परराष्ट्रमंत्री आणि पेशाने डॉक्टर असलेले डेव्हिड ओवेन यांनी २००९ मध्ये एका सहलेखकासोबत सत्तेच्या या धुंदीला व्याधीचं नाव देऊन तिची लक्षणंही मांडली होती. वाचायला रंजक आहे, पण अधिकृत निदानांच्या यादीत ती व्याधी नाही.

मला जास्त पटतं ते सुसान फिस्क या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये मांडलेलं साधं गणित. ज्याच्या हातात आपलं बरंवाईट असतं त्याच्याकडे आपण लक्ष देतो. म्हणजे लक्ष खालून वर वाहतं. कुठल्याही कचेरीत पाहा. साहेबांचा मूड शिपायाला जिन्यावरच्या बुटांच्या आवाजावरून कळतो, आणि शिपायाच्या घरी कोण आजारी आहे हे साहेबांना वर्षभर कळत नाही. साहेब वाईट असतात म्हणून नव्हे. कळलं नाही तर त्यांचं काही अडत नाही म्हणून. वापरात नसलेल्या बिजागरीला गंज चढतो तसा हा प्रकार. त्यात आजूबाजूचे चेहरे सगळे हसरे. त्या सभेतला हशा आठवा. बोलणाऱ्याला 'आपण चुकतोय' हे सांगू शकणारा एकमेव आरसा म्हणजे समोरचे चेहरे, आणि ते तर हसत होते.

दुसरं प्रकरण मला जास्त छळतं, कारण त्यातला माणूस सत्तेच्या ऊबेत वाढलेला नव्हता. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात मुंबईत १६६ जणांचा जीव गेला. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील पत्रकारांसमोर हिंदीत म्हणाले की बड्या शहरांत अशा छोट्या गोष्टी होत राहतात. हल्लेखोरांना ५,००० माणसं मारायची होती, असंही त्यांनी सांगितलं. १ डिसेंबरला त्यांनी राजीनामा दिला. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचा, 'कमवा आणि शिका'तून शिकलेला, ग्रामस्वच्छता अभियान गावोगाव नेणारा हा माणूस. आबांना मन नव्हतं असं त्यांचे विरोधकही म्हणणार नाहीत.

त्यांच्या डोक्यात बहुधा वजाबाकी चालू होती: पाच हजारांतून वाचले किती. ऐकणारे स्मशानातून परतत होते. आकड्यांपुढे काळीज मुकं होतं हे मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी अनेक प्रकारे दाखवलं आहे. डेबोरा स्मॉल आणि लोवेनस्टाईन यांच्यासोबतचा त्यांचा २००७चा प्रयोग प्रसिद्ध आहे. एक प्रश्नावली भरून देणाऱ्यांना पाच डॉलर मिळाले आणि त्यातले काही आफ्रिकेतल्या उपासमारीसाठी द्याल का, असं विचारलं गेलं. मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची गोष्ट वाचलेल्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले. लाखो उपाशी माणसांची आकडेवारी वाचलेल्यांनी १.१४. आणि रोकियाची गोष्ट आकडेवारीसकट वाचलेल्यांनी १.४३. म्हणजे आकडे शेजारी आले की त्या एका पोरीसाठी फुटलेला पाझरही आटतो. मंत्र्याच्या टेबलावर दिवसभर काय येतं? तक्ते. अमुक हेक्टर, तमुक मृत, इतके पंचनामे बाकी.

पण हलाखीतून वर आलेल्या माणसाला तरी कळायला हवं ना? आपली म्हणच आहे, जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. निवडणुकीत 'मी पण शेतकऱ्याचं पोर आहे' हे वाक्य त्याच भरवशावर खपतं. २०१५ मध्ये रेचल रटन, मेरी-हंटर मॅकडोनेल आणि पुन्हा तेच नॉर्डग्रेन यांनी या भरवशालाच हात घातला. शिकागोजवळ मिशिगन सरोवराच्या गारठलेल्या पाण्यात उडी मारायचा एक सामूहिक उपक्रम असतो. तिथे जमलेल्यांना त्यांनी एका माणसाची गोष्ट वाचायला दिली: त्याने उडी मारायचं ठरवलं होतं, पण ऐन वेळी कच खाल्ली. काहींनी ती उडीआधी वाचली, काहींनी नंतर. ज्यांची स्वतःची उडी मारून झाली होती त्यांना त्या माणसाची कणव कमी आली आणि तुच्छता जास्त वाटली.

बेकारीबाबतही तेच. नोकरी मिळता मिळेना म्हणून शेवटी अमली पदार्थ विकायला लागलेल्या माणसाची गोष्ट दिली. त्याला सर्वांत कडक तोलणारे कोण, तर स्वतः बेकारी भोगून त्यातून बाहेर पडलेले. सध्या बेकार असलेले तेवढे कडक नव्हते, कधीच बेकार नसलेलेही नव्हते. संशोधकांची उपपत्ती अशी की दोन गोष्टी जोडीने घडतात. एक, कळ नेमकी कशी होती हे मन विसरतं. पातेल्याची गोष्ट आठवा. दोन, 'मी निभावलं' हे मात्र विसरत नाही. दोन्हींची बेरीज: मला जमलं, तुला का जमू नये? जो सोसून उभा राहतो त्याचं अशा माणसांना कौतुक वाटतं. जो सोसताना कोसळतो त्याच्यासाठी शब्द उरत नाहीत. आणि दुःखी माणसाने सल्ल्याला कुणाकडे जावं असं विचारल्यावर बहुतेकांनी 'जो त्यातून गेलाय त्याच्याकडे' हेच उत्तर दिलं.

यासाठी शिकागोला जायची गरज नाही म्हणा. 'आमच्या वेळी पाच मैल चालत शाळेत जायचो' हे वाक्य ज्या घरात ऐकलं नाही असं घर मला दाखवा. पाच मैल चाललेल्या माणसाला पोराच्या पायाचे फोड दिसायला हवेत. त्याला दिसतो तो एसटी चुकवल्याचा आळस. कर्जमाफी मागणाऱ्याला 'आधी काटकसर शिका' म्हणणारा पुढारी बहुतेक वेळा स्वतः शेतातूनच आलेला असतो, हा योगायोग मला तरी वाटत नाही.

इतका वेळ बोट त्यांच्याकडे होतं. आपल्या कळवळ्याचं काय? टानिया सिंगर यांच्या चमूने २००६ मध्ये लंडनमध्ये मेंदूची छायाचित्रं घेतली. पैशांच्या खेळात लबाडी केलेल्या माणसाला वेदना होताना पाहून पुरुषांच्या मेंदूतला सहवेदनेचा प्रतिसाद मंदावला आणि सुखाशी जोडलेला भाग उजळला. २०२० मध्ये एलिझाबेथ सिमस आणि सहकाऱ्यांना अमेरिकी मतदारांत दिसलं की ज्यांना स्वतःच्या मनात कणव जास्त आहे असं वाटतं, त्यांच्यातच विरोधी पक्षाबद्दलचा दुरावा मोठा असतो. कळवळा खरा असतो, पण तो आधी आपल्या माणसांकडे धावतो. आपल्या दादांची जीभ घसरली की 'रांगडी भाषा आहे, मनात काही नाही', त्यांच्या दादांची घसरली की 'बघा, हाच खरा चेहरा'.

आबा नोव्हेंबर २००९ मध्ये त्याच गृहखात्यात परतले. अजित पवार २०१९ मध्ये बारामतीतून १ लाख ६५ हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. मग पुढाऱ्यांनी कशाला बदलावं? अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा यांनी २००९ मध्ये अमेरिकेतल्या निवडणुकांचे आणि आपत्तीखर्चाचे आकडे ताडून पाहिले. आपत्तीनंतर वाटलेल्या मदतीचं बक्षीस मतदार देतात, आपत्तीआधी केलेल्या तयारीचं देत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. त्यांच्याच हिशेबाने तयारीवरचा एक डॉलर पुढचं सुमारे १५ डॉलरचं नुकसान वाचवतो.

ऑगस्ट २०१९च्या महापुरात कोल्हापूर भागात वाटलेल्या धान्याच्या पाकिटांवर मुख्यमंत्र्यांचे आणि स्थानिक आमदारांचे फोटो चिकटवले होते. त्यावरून उठलेला गदारोळ आजही कुणाला विचारा, तपशीलवार सांगतील. त्याच पुराची कारणं शोधायला सरकारने वडनेरे समिती नेमली होती आणि २०२०मध्ये तिचा अहवालही आला. त्यातल्या कुठल्या शिफारशी अमलात आल्या हे आपल्या आमदाराला विचारलेला माणूस मला अजून भेटायचाय. मीही विचारलेलं नाही.