ई-जर्नल उघडेल का? तालिकेतल्या एका खुणेची पार्श्वभूमी

यवतमाळ, वाशीम किंवा गडचिरोली जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या ऑनलाइन तालिकेत, ई-जर्नल शोधले, तर नाव सापडते, आयएसएसएन हा नियतकालिकाचा ओळखक्रमांक सापडतो आणि खाली एक निळी लिंक असते. ती दाबल्यावर लेख उघडेल की डॉलरमधली किंमत पुढे येईल, हे दाबून पाहिल्याशिवाय कळत नाही. छापील अंकांच्या काळात हा प्रश्नच नव्हता. तालिकेत नोंद आहे म्हणजे अंक रॅकवर आहे. नसेल तर बाइंडिंगला गेला आहे किंवा कुणी सरांनी घरी नेला आहे. ‘आहे’ आणि ‘वाचता येते’ या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या त्या नव्वदच्या दशकात. ते वेगळेपण नोंदीत नीट लिहिण्याची सोय, म्हणजे लिंक खुली की मर्यादित हे सांगणारी एक खूण, व्हायला त्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षे गेली.

संगणकावरच्या ग्रंथालयीन नोंदींचा साचा म्हणजे मार्क. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अवराम यांनी तो १९६० च्या दशकात उभा केला आणि आजचे त्याचे रूप, मार्क २१, १९९९ पासूनचे. मूळ साचा तालिकापत्राचा, म्हणजे खणातल्या छापील कार्डाचा, वारस होता. वस्तू कपाटात आहे हे त्यात गृहीतच होते. या साच्यात प्रत्येक प्रकारच्या माहितीला क्रमांकाचे क्षेत्र असते, क्षेत्रात उपक्षेत्रे असतात. १९९३ च्या सुमारास त्यात ८५६ हे क्षेत्र आले, इलेक्ट्रॉनिक साहित्य कुठे आहे आणि तिथे कसे पोचायचे हे लिहिण्यासाठी. तेव्हा वेब अजून रांगत होते. त्यामुळे या क्षेत्राचा पहिला निर्देशक, म्हणजे सुरुवातीचा एक अंक, वाहतुकीचा मार्ग सांगायचा: ० म्हणजे ई-मेल, १ म्हणजे एफटीपी (फाइल उतरवणे), २ म्हणजे दूरस्थ लॉगिन, ३ म्हणजे डायल-अप. आज जवळपास प्रत्येक नोंदीत दिसणारा ४, म्हणजे एचटीटीपी, वेबचा मार्ग, नंतर जोडला गेला. सुरुवातीची काही ई-जर्नले खरोखरच ई-मेलने सभासदांना जात आणि बहुतेक फुकट असत. म्हणून ‘कुठून आणायचे’ एवढे लिहिले की काम भागत होते. ‘कोणाला मिळेल’ याची जागा कुणाला सुचली नाही, यात नवल नाही.

मग मोठे प्रकाशक वेबवर आले आणि वर्गणीची भिंत उभी राहिली. ग्रंथपालांनी हाताशी असलेली साधने वापरली. प्रवेशावरच्या निर्बंधांची टीप लिहायला ५०६ हे क्षेत्र होते आणि ८५६ मध्ये वाचकासाठीच्या टिपेचे ‘झेड’ उपक्षेत्र होते. त्यात कोणी ‘फक्त सभासदांसाठी’ लिहिले, कोणी ‘परिसरातच उपलब्ध’, कोणी पासवर्ड कुठे मिळेल ते. माणसाला हे वाचून कळते. पण शंभर प्रकारे लिहिलेल्या वाक्यांतून ‘फुकट उघडणारी तेवढी दाखव’ असे संगणकाला सांगता येत नाही.

त्यातच २००३ मध्ये नियतकालिकांच्या सामायिक नोंदी करणाऱ्या कॉन्सर या अमेरिकन सहकारी कार्यक्रमाने धोरण बदलले. एकच जर्नल पाच वितरकांकडून मिळत असले तरी नोंद एकच करायची, आणि एखाद्या ग्रंथालयापुरते लागू असलेले निर्बंध त्यात घालायचे नाहीत. निर्णय योग्यच होता. एका विद्यापीठाची वर्गणी दुसऱ्याच्या काय कामाची? पण जिथे ग्रंथपाल एकटा असतो, देवघेव, नियतकालिके आणि कार्यालयाची पत्रे त्याच्याच टेबलावर येतात, तिथे तालिकाकरण म्हणजे बहुतेक वेळा तयार नोंद उतरवून घेणे. अशा ठिकाणी प्रवेशाबाबत मुक्या नोंदी आल्या आणि तशाच राहिल्या.

दरम्यान बाहेरचे जग बदलत होते. फेब्रुवारी २००२ मध्ये बुडापेस्टचे मुक्त प्रवेशाचे, म्हणजे संशोधन सर्वांना फुकट वाचता यावे असे सांगणारे, घोषणापत्र निघाले. २००३ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठातून मुक्त जर्नलांची निर्देशिका, डीओएजे, सुमारे ३०० नावांनिशी सुरू झाली. मला या सगळ्यांत महत्त्वाचे वाटते ते त्याआधीचे जर्मनीतले काम. रेगेन्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाने १९९७ मध्ये ई-जर्नलांची सामायिक यादी सुरू केली आणि प्रत्येक नावापुढे सिग्नलचा दिवा लावला. हिरवा म्हणजे सर्वांना खुले, पिवळा म्हणजे आपल्या ग्रंथालयाची वर्गणी आहे, लाल म्हणजे पूर्ण लेख मिळणार नाही. एकाच जर्नलला एका शहरात पिवळा आणि दुसऱ्या शहरात लाल दिवा असे. प्रवेशाची स्थिती केवळ जर्नलचा गुण नाही, ती जर्नल आणि वाचक यांच्यातले नाते आहे, हे इतक्या सरळपणे कोणत्याही तालिकेने मान्य केले नव्हते. अपवाद एकट्या हिरव्याचा. तो सगळीकडे हिरवाच.

भारतात हे नाते आणखी गुंतागुंतीचे झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) इन्फ्लिबनेट या केंद्रामार्फत २००४ मध्ये यूजीसी-इन्फोनेट या सामायिक वर्गणीची ई-जर्नले विद्यापीठांना मिळू लागली. ओळख पटायची ती परिसरातल्या संगणकांच्या इंटरनेटवरच्या क्रमांकावरून, आयपी पत्त्यावरून. म्हणजे नागपूर किंवा अमरावती विद्यापीठाच्या आवारात जे उघडते, ते त्याच विद्यापीठाशी संलग्न असलेल्या दूरच्या तालुक्यातल्या महाविद्यालयात उघडत नसे. ही दरी भरायला २०१० मध्ये एन-लिस्ट ही महाविद्यालयांसाठीची योजना आली. महाविद्यालयाने वर्षाला ठरावीक शुल्क भरायचे आणि प्रत्येक शिक्षक-विद्यार्थ्याला स्वतःचे युजर आयडी व पासवर्ड मिळायचे. सहा हजारांवर ई-जर्नले. एटापल्ली किंवा धारणीच्या मुलाला घरी मोबाइलवर रेंज आली तर लेख वाचता येऊ लागला. २०१५ मध्ये या योजना ई-शोधसिंधूत एकत्र आल्या.

आता अशा जर्नलच्या नोंदीत काय लिहायचे? ‘मर्यादित’ हे खरे आहे, पण त्याने आपलाच विद्यार्थी परत फिरतो. ‘उपलब्ध’ लिहावे, तर ज्याने अजून पासवर्ड घेतलेला नाही तो भिंतीवर आपटतो. बहुतेक ग्रंथालयांनी तिसरा मार्ग धरला: ई-जर्नले तालिकेत घ्यायचीच नाहीत, संकेतस्थळावर एन-लिस्टचा लोगो लावायचा. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या २०१७ च्या आराखड्यात ई-जर्नले, ई-शोधसिंधू, शोधगंगा हा प्रबंधांचा संग्रह, दूरस्थ प्रवेश अशी विचारणा असते आणि तिला लोगो पुरतो. लिंक उघडते का, हे कोणी विचारत नाही.

मार्कमध्ये खरी दुरुस्ती आली ती २०१९ मध्ये, तीही जर्मन ग्रंथालयांच्या प्रस्तावावरून; दिवे लावायची सवय असलेल्यांना ही उणीव जास्त खुपली असणार. ८५६ मध्ये ‘७’ हे उपक्षेत्र आले: ० म्हणजे मुक्त प्रवेश, १ म्हणजे मर्यादित, ‘यू’ म्हणजे स्पष्ट नाही, ‘झेड’ म्हणजे इतर. वापराच्या अटी आणि परवाने लिहायलाही त्याच क्षेत्रात जागा झाली. ही खूण लिंकला लागते, अख्ख्या जर्नलला नाही. बंगळूरच्या इंडियन अॅकॅडमी ऑफ सायन्सेसची जर्नले घ्या. २००७ पासून ‘प्रमाणा’सारखी जर्नले श्प्रिंगर या परदेशी प्रकाशकाबरोबर निघू लागली. श्प्रिंगरच्या दारात वर्गणी मागितली जाई आणि तेच लेख अॅकॅडमीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट असत. जर्नल एक, लिंका दोन, एकीला १ आणि दुसरीला ०. सातबाऱ्यावर मालकाचे नाव आणि इतर अधिकार वेगळ्या रकान्यांत असतात, तशी ही सोय आहे.

सगळे काही या एका अक्षरात मावत नाही. वर्गणीच्या जर्नलमधले दोन-चार लेख लेखकाने पैसे भरून खुले केलेले असतात, काहींचे जुने अंक वर्षभराने खुले होतात. नोंद जर्नलची असल्यामुळे तिला हे पकडता येत नाही. प्रकाशकांकडून ठरलेल्या साच्यात येणाऱ्या केबार्ट याद्यांत २०१४ पासून एफ आणि पी, म्हणजे फुकट आणि पैशाचे, असा रकाना आहे. तिथेही गाडे इथेच अडते.

ग्रामीण विदर्भात या खुणेला महत्त्व आले ते ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ या जर्नलांच्या देशव्यापी वर्गणीच्या योजनेमुळे. २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली: २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नले, ६,३०० हून अधिक संस्था. मंजुरीची भाषा केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या उच्चशिक्षण संस्थांची आहे. आपल्याकडची बहुसंख्य महाविद्यालये खासगी शिक्षणसंस्थांची, अनुदानित किंवा विनाअनुदानित. म्हणजे शासकीय महाविद्यालयाच्या ओपॅकमधली नोंद शेजारच्या संस्थेच्या महाविद्यालयाने जशीच्या तशी उतरवली, तर लिंक तीच राहील आणि दार बंद असेल.

म्हणून माझा कल आधी शून्ये भरण्याकडे, म्हणजे खुल्या लिंकांवर खूण करण्याकडे, आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेची जर्नले खुली आहेत, ‘करंट सायन्स’ खुले आहे. कापूस, सोयाबीन, माती, पाणी यांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांचा उपयोग थेट आहे. कोहासारख्या ग्रंथालयीन संगणक-प्रणालीत ‘७’ मध्ये ० भरावा आणि टिपेच्या ‘झेड’ उपक्षेत्रात मराठीत ‘सर्वांसाठी खुले, पासवर्ड नको’ असे लिहावे, कारण नुसता शून्य वाचकाला काही सांगत नाही. वर्गणीच्या लिंकला १, आणि टिपेत योजनेचे नाव व पासवर्ड कुठल्या टेबलावर मिळतो ते. शून्य क्वचितच बदलतो. १ च्या पुढची टीप मात्र कराराबरोबर बदलते, आणि सध्याच्या मंजुरीतले तिसरे वर्ष डिसेंबर २०२७ ला संपते.